पाचोळ्यातला एकुलता एक नर

आमचा भुंगेरा खसखशीच्या डबीत टाकला असता तर तो मलासुद्धा परत सापडला नसता. आणि माझी नजर घारीची आहे, असं खुद्द मावशी म्हणते, जी कुणाचं उगाच कौतुक करत नाही.

मावशी संग्रहालयात कीटकांच्या विभागात आहे. लोक तिकीट काढून सांगाडे आणि दगड बघतात तो पुढचा भाग. मावशी असते मागे, जिथे पाटीवर ‘प्रवेश नाही’ असं लिहिलेलं आहे आणि जिथे मी शाळा सुटली की बिनधास्त शिरते. तिच्या खोलीत भिंतभर खण आहेत, खणांत टाचण्यांवर बसलेले भुंगेरे, आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास, जो माझ्या स्वेटरला लागला की आई दारातच नाक मुरडते. मावशी मला टकळी म्हणते. कारण उघड आहे.

गेल्या पानगळीत आम्ही दोघींनी जलशुद्धीकरणाच्या टाकीमागच्या राईतून पोती भरून पालापाचोळा आणला होता. लोक जंगलात गेले की वर बघतात, मावशी खाली बघते. तो पाचोळा चाळायचा, बारीक चुरा जाळीदार कापडावर पसरायचा, वर दिवा लावायचा, खाली नरसाळं. चुरा सुकत जातो तसे आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली खाली पळतात आणि शेवटी स्पिरिटच्या बाटलीत पडतात. बिचारे. बाटलीत जे तयार होतं ते गढूळ चहासारखं दिसतं आणि त्यात मावशी तासन्‌तास डोकं घालून बसते.

त्या चहात तिला हा भुंगेरा सापडला. तांबूस, पंख नसलेला, डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके. त्याच्यासारखा दिसणारा एक भाऊबंद पूर्वीपासून पुस्तकात आहे, पण मावशीला पहिल्याच दिवशी वाटलं की हा तो नव्हे. वाटून काय उपयोग, दाखवता आलं पाहिजे. आणि हे असले बारके भुंगेरे वरून सगळे एकसारखे. फरक असतो तो नराच्या पोटात लपलेल्या त्या अवयवात. प्रत्येक प्रजातीत त्याची घडण वेगळी, म्हणून तो बाहेर काढून, त्याचं चित्र काढल्याशिवाय कुणी मान्यच करत नाही. हे मावशीने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझे कान लाल झाले होते. आता मी हेच मधल्या सुट्टीत सांगते आणि ऐकणाऱ्यांचे कान लाल होतात.

तर आमच्याकडे माद्या भरपूर होत्या आणि नर एकच. पुढच्या पायांचे पंजे रुंद, म्हणून ओळखू आला. आणखी आणायला जावं तर ती राई आता नाही. तिथे पांढऱ्या रेषा मारलेली, गाड्या लावायची जागा आहे. म्हणजे तो एक नर बिघडला की विषय संपला. भुंगेरा होता की नव्हता, कुणाला काही दाखवता येणार नाही.

अशा वेळी मावशी मागच्या जिन्यावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन बसली.

मग वरच्या सरांनी निर्णय घेतला. वरचे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. वरच्या मजल्यावर बसतात म्हणून वरचे सर, बाकी माणूस जमिनीवरचा आहे. त्यांचं म्हणणं असं की दूरदेशी एक वयस्कर प्रोफेसर आहेत, त्यांनी आयुष्यभर याच गटावर काम केलंय, त्यांना नर पाठवून द्यावा, ते बघतील. हे चूक होतं असं नाही. पण मावशीने पूर्वी त्यांना पाठवलेल्या वस्तू अजून त्यांच्या कपाटात आहेत. तिच्या मते त्या कपाटात गेलेली वस्तू म्हणजे विहिरीत पडलेला चमचा. शिवाय पुस्तकातला तो जुना भाऊबंद याच प्रोफेसरांनी शोधलेला, ते आमच्या भुंगेऱ्यालाही त्याच्याच खात्यात टाकून मोकळे होतील, अशी तिला धास्ती. बराच वाद झाल्यावर सर म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारी दुपारी पार्सलवाला येईल; तोवर तुम्ही अवयव काढून फरक दाखवला तर नर इथेच राहील, नाहीतर जाईल. प्लास्टरकडे बघत म्हणाले. म्हणजे त्यांच्या लेखी तो गेलाच होता.

मावशीने त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. ती गोष्ट म्हणजे मी.

कितीतरी आठवडे ती मला साध्या, रोजच्या भुंगेऱ्यांवर शिकवत होती. सुरुवातीला मी त्यांची पार वाट लावली. एकाचे तर चार तुकडे झाले आणि त्यातला चौथा कुठे उडाला ते आजवर कळलं नाही. मग हळूहळू हात बसला. शेवटचे सगळे नीट निघाले आणि मावशी फक्त ‘हं’ म्हणाली. तिचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्यांचा सत्कार समारंभ.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. मी गेले तेव्हा मावशी आधीच येऊन बसली होती आणि नर कोमट पाण्यात मऊ व्हायला ठेवला होता. थंडी कडाक्याची, हीटरमुळे हवा कोरडीठाक. तिचे ओठ फुटले होते आणि ती दर थोड्या वेळाने डाव्या हाताने त्यांच्यावर व्हॅसलीन चोपडत होती. ओठ इतके चकाकत होते की मी तिला विचारलं, कुठे मिरवायला निघालीस का. एरवी तिने टपली मारली असती. आज तिने फक्त घड्याळाकडे पाहिलं.

मायक्रोस्कोपला डोळे लावायची जागा एकाच माणसाची. मी बसले की मावशीला आत काही दिसणार नव्हतं.

“बोलत राहा,” ती म्हणाली. “तू गप्प झालीस की मला कळणार नाही आत काय चाललंय.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बोलत राहा म्हणालं.

मग मी बोलत राहिले. सांगत राहिले की तो उताणा आहे, डावी सुई छातीवर टेकवली आहे, दाबलेली नाही, नुसती टेकवली आहे. काडीला चिकटवलेल्या या सुया केसापेक्षा थोड्याच जाड असतात, आणि भिंगाखाली त्या पहारीसारख्या दिसतात. आपल्याच हाताची नाडी टोकाशी उडताना दिसते. मावशीने शिकवलंय की ठोका पडून गेला की मधल्या शांततेत हलायचं. मी ठोका, शांतता, हलणं, असं करत गेले. पोटाच्या शेवटच्या कडीखाली उजव्या सुईचा आकडा घातला. ओढला. काही आलं नाही. पुन्हा ओढला तेव्हा एक पाय निखळला आणि थेंबात तरंगायला लागला. मी गप्प झाले.

“टकळी.”

मी सांगितलं की पाय गेला. ती म्हणाली, पाय परत चिकटवता येतो, पुढे. तिचा आवाज अगदी सपाट होता, पण प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

तिसऱ्या खेपेला आतलं काहीतरी सुटलं. अलगद, दुधावरची साय सुटावी तसं. मधाच्या रंगाचं, वाकडं, इतकं इवलं की नुसत्या डोळ्यांना धुळीचा कणसुद्धा मोठा वाटावा. आला, मी म्हणाले, मावशी, आला, आणि माझा स्वतःचा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. सगळ्यात बारीक ब्रशच्या ओल्या टोकावर मी तो उचलून घेतला. आता फक्त काचेवरच्या ग्लिसरीनच्या थेंबात सोडायचा, की सुटलो.

थेंब टाकायला बाटली घेतली तर झाकण जाम. ग्लिसरीन सुकून झाकण बसलं होतं. एका हातात ब्रश धरून ते काही हलेना. म्हणून मी मावशीला म्हटलं, हा जरा धर, आणि ब्रश तिच्या डाव्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी झाकणाशी झटापट करायला लागले. मावशी झाकणाकडे बघत होती. उलटं फिरव, ओढू नको, असं काहीतरी सांगत होती.

आता या कीटकवाल्या लोकांची एक सवय सांगायला हवी. ब्रशचे केस फिसकारले की त्यांना टोक काढायला हे लोक ब्रश ओठांत धरून ओढतात. सुईत ओवायच्या आधी दोरा ओठांत धरतात ना, अगदी तसं. मावशी दिवसातून शंभरदा करत असेल. हातात ब्रश आला आणि डोकं दुसरीकडे असलं की हात आपला आपण तोंडाकडे जातो.

तो गेला.

मी वर पाहिलं तेव्हा ब्रश तिच्या ओठांपासून दूर होत होता. टोक छान झालं होतं, अणकुचीदार, स्वच्छ. आम्ही दोघींनी त्या टोकाकडे पाहिलं. मावशीचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. तिने तोंड मिटलं आणि तसंच घट्ट मिटून धरलं.

मी ब्रश हिसकावून भिंगाखाली धरला. केस, केस, पाण्याचा थेंब, बाकी काही नाही. मी तिला म्हटलं, गिळू नकोस. बोलू नकोस. जीभ हलवू नकोस. ती पुतळ्यासारखी बसली होती, नुसत्या नाकपुड्या हलत होत्या. मी हातपाय गाळले नाहीत याचं मला आजही नवल वाटतं.

आणि दार वाजलं.

वरचे सर आत आले, हातात पार्सलची छोटी पेटी, कापूस, चिकटपट्टी. त्यांनी मावशीला विचारलं की काय ठरलं, पार्सलवाला खाली आला आहे. मावशीने मान हलवली. कशी, ते सांगता येत नाही. होयही नाही आणि नाहीही नाही. सर म्हणाले, म्हणजे? मग मी सुरू झाले. मी सांगितलं की मावशीचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, थंडी फार आहे ना, आमच्याही वर्गात निम्मी मुलं आजारी आहेत, आणि सर, तुमच्या वरच्या मजल्यावर हीटर चालतो का, आमचा हा आवाज करतो. माझी टकळी फिरत होती आणि सर माझ्या खांद्यावरून टेबलाकडे बघत होते. थेंबात उताणा पडलेला नर. पोट उघडं. शेजारी निखळलेला पाय.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं. मावशीला विचारलं, पण प्लास्टरकडे बघत.

मावशी उठायला लागली. ती तोंड उघडणार होती. मला दिसलं, ती माझ्यासाठी तोंड उघडणार होती, सगळं स्वतःवर घ्यायला, आणि तसं झालं असतं तर आमचा भुंगेरा तिच्या पहिल्याच शब्दाबरोबर गेला असता.

“मी केलं,” मी म्हणाले. “अवयव नीट निघाला सर. तो आता मावशीच्या तोंडात आहे.”

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी पेटी खाली ठेवली, दार लावून घेतलं, आणि मावशीसमोर खुर्ची ओढून बसले. टेबलावरचा ब्रश पाहिला, तिचं तोंड पाहिलं. काही समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी तेही याच खोलीतून वर गेले आहेत.

गिळला का, त्यांनी विचारलं. मावशीने खांदे उडवले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीच्या. मी इतकी वर्षं तिला ओळखते, तिच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं. हात मोडला तेव्हासुद्धा ती जिन्याला शिव्या देत होती.

सरांनी ग्लासात पाणी ओतलं आणि काळी बशी पुढे केली. चूळ भरायची, बशीत सोडायची, आणि बशी भिंगाखाली शोधायची. लाळ साठतेय, ते म्हणाले, प्रत्येक क्षणाला तो घशाकडे सरकतोय. त्यांचं बरोबर होतं. मावशीने ग्लास घेतला.

आणि मला तिचे ओठ दिसले. चकाकणारे.

मी ग्लासावर हात ठेवला आणि म्हणाले, “थांबा.” सरांना. वरच्या सरांना मी थांबा म्हणाले. त्यांनी भुवया उंचावल्या, पण थांबले. मी घाईघाईने सांगितलं की मावशी हे नेहमी उजव्या हाताने करते, टोक बरोब्बर ओठांच्या मध्ये जातं. आज हात डावा होता. डाव्या हाताने तिला धड चहासुद्धा पिता येत नाही, हनुवटीवर सांडतो. ब्रश आत गेला नसेल, ओठाच्या कोपऱ्याला घासला असेल. आणि ओठावर हे एवढं व्हॅसलीन. तो चिकटला असेल तर पाण्याने धुऊन जाईल.

“आणि आत असेल तर?” सर म्हणाले. “तू बघत बसशील तोवर पोटात गेलेला असेल.”

ओठावर असेल तर पाणी घात करणार, आत असेल तर उशीर घात करणार. मी मावशीकडे पाहिलं. तिने ग्लास खाली ठेवला.

आमच्या मायक्रोस्कोपची मान लांब आहे, वर उचलता येते. मावशी जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि हनुवटी टेबलाच्या कडेवर ठेवली. सरांनी दिवा धरला. मी तिला म्हटलं, मी सांगेन तेव्हा श्वास रोख, नाकातली हवा लागली तर उडेल.

भिंगाखाली माणसाचा ओठ म्हणजे भेगाळलेलं तळं असतं. भेगा, सालपटं, मधेमधे व्हॅसलीनची डबकी, त्यांत दिव्याचा झगमगाट. मी कोपऱ्यापासून सुरुवात केली. श्वास रोख. काही नाही. सोड. रोख. एक मधाळ तुकडा दिसला आणि मी सुईकडे हात नेला. पावाचा कण होता. सरांना सांगितलं, दिवा तिरपा करा. सोड. रोख. भेगेतून भेगेत जात होते. मावशीच्या घशातून गिळल्यासारखा आवाज आला आणि आम्ही दोघंही गोठलो. तिने बोट हलवून नाही, नाही केलं.

वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळ, एका सालपटाच्या सावलीत, व्हॅसलीनमध्ये अर्धा बुडालेला, तो होता. वाकडा. मधाच्या रंगाचा. अख्खा.

मी बोलले नाही. बोलले असते तर हात हलला असता. सुई उचलली. त्याच वेळी मावशीने माझा स्कर्ट मुठीत पकडला आणि तिचं नाक थरथरायला लागलं. दिवा इतका वेळ थेट तिच्या चेहऱ्यावर होता. शिंक येत होती. सरांनी दुसऱ्या हाताने तिच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरला. एरवी मी यावर आठवडाभर हसले असते. ठोका. शांतता. सुईचं टोक डबक्यात घातलं, त्याच्याखाली सरकवलं, आणि व्हॅसलीनच्या गोळ्यासकट तो वर आला.

झाकण अजून जामच होतं. सरांनी कोटाच्या टोकात धरून ते एका पिळात उघडलं, काचेवर थेंब टाकला, आणि मी सुई त्यात बुडवली. तो सुटला. वर काचेची चकती ठेवली.

मावशी उठली, दार उघडलं, बाहेर गेली, दार लावलं, आणि शिंकली. मग पुन्हा शिंकली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पहिलं वाक्य होतं, “व्हॅसलीन निघालंय का त्याचं, की तसंच दामटलंत?”

तसंच दामटलं होतं. मग तिने सांगितल्याप्रमाणे तो पुन्हा बाहेर काढून धुतला, एका थेंबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि या वेळी ब्रश पूर्णवेळ माझ्याच हातात होता. आधी सरांनी पाहिलं. पुस्तकातल्या भाऊबंदाचा अवयव सरळ असतो आणि टोकाला बोथट. आमच्याचं टोक मासे पकडायच्या गळासारखं आत वळलेलं होतं आणि वळणावर एक खाच होती. सर बराच वेळ बघत राहिले. मग मावशीने पाहिलं, आणि ती ‘हं’ म्हणाली.

सरांनी खाली फोन करून पार्सलवाल्याला जायला सांगितलं. मला विचारलं कितवीत आहेस. मी सांगितलं. ते रिकामी पेटी काखेत घालून दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “पुढच्या वेळी बाटलीचं झाकण आधी उघडून ठेवायचं.” पुढच्या वेळी, म्हणाले.

मग नाव काय देणार, त्यांनी मावशीला विचारलं. टाकीमागच्या राईचं, ती म्हणाली. राई नाही तर नाही, नाव तरी कुठेतरी राहू दे.

आम्ही वर्णन लिहायला बसलो. मावशी सांगत होती, मी लिहीत होते: रंग तांबूस, पंख नाहीत, नराच्या पुढच्या पायांचे पंजे रुंद. तो कुठे सापडला, ते लिहिलं. दुसऱ्यांदा कुठे सापडला, ते लिहायचं नाही असं तिने बजावलं. मग निखळलेला पाय चिकटवायची वेळ आली. डिंकाचा कणभर ठिपका, त्यावर पाय ठेवायचा. मी ब्रशने पाय उचलला. सर अजून गेले नव्हते, दारातून परत टेबलापाशी येऊन रेंगाळत होते, काही ना काही विचारत. मावशी म्हणाली, इकडे आण, कुठला पाय आहे ते बघू दे, आणि बोलता बोलता माझ्या हातून ब्रश घेतला, प्रकाशाकडे धरला, मान वाकडी करून पाहिला, आणि सरांच्या कुठल्याशा प्रश्नाला उत्तर देत तो आपसूक तोंडाकडे नेला.

तिचं मनगट आम्ही दोघांनी एकदमच पकडलं.